आधी पोट, मग पॉट

पाळणाघराच्या बाईंचं एकच पालुपद असायचं, "अहो, घरी सवयच लावत नाही तुम्ही!" रोज संध्याकाळी माखलेल्या चड्डीची पिशवी दोन बोटांत धरून माझ्या हातात द्यायच्या आणि वर लेकाच्या तोंडावर म्हणायच्या, "शी शी, घाणेरडा मुलगा!" अडीच वर्षांचं पोर ते! शूचं त्याला केव्हाच जमलं होतं, अडत होतं ते फक्त शीचं.

घरी शी आली की तो पडद्यामागे जायचा. पडदा मुठीत, टाचा वर, पाय एकमेकांना घट्ट चिकटलेले, तोंड लालबुंद. "बघ, मुद्दाम चड्डीत करतोय," असं सासूबाईसुद्धा म्हणायच्या. डॉक्टरांनी त्याच्या पोटावर डाव्या बाजूला बोटं दाबली आणि विचारलं, "खडा होतो का?" तेव्हा कुठे उलगडा झाला. पडद्यामागे तो शी करत नव्हता, जिवाच्या आकांताने धरून ठेवत होता. एकदा कडक शी होऊन दुखलं की मूल धास्तावतं, रोखून धरतं. मग ती आणखी सुकते, आणखी दुखते. साठलेल्या खड्याच्या बाजूने पातळ मळ झिरपतो, तो मुलाला कळतसुद्धा नाही. बाईंचा 'घाणेरडेपणा' म्हणजे साधी बद्धकोष्ठता होती! डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, तर म्हणाल्या, "आमच्याकडे काय एकच मूल आहे का?" फीची आठवण मात्र एक तारखेला न चुकता.

तेव्हा सवयीच्या मागे लागण्याआधी मुलाचं पोट दाखवून घ्या. शी मऊ करणारं औषध डॉक्टरांनी दिलं असेल, तर चार दिवसांत फरक पडला म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. भीती जायला महिने लागतात. साबणाची कांडी वगैरे प्रयोग तर अजिबात नकोत, भीती दुप्पट होते. दिवसाचं दूध आम्ही अर्ध्या लिटरच्या आत आणलं, भूक आपोआप वाढली आणि पपई, भाज्या पोटात जाऊ लागल्या. खाल्ल्यावर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून नाश्त्यानंतर पाचेक मिनिटं बसवा. झाली नाही तरी उठू द्या. पाय लोंबकळत ठेवू नका, पाटावर टेकवा, गुडघे कमरेपेक्षा जरा वर हवेत. आणि तो जेट स्प्रे! गार पाण्याच्या फवाऱ्याने आमचा पठ्ठ्या पॉटवरून पळायचा. मगातलं कोमट पाणी बरं.

बाकी धीर धरा, कौतुक करा, शेजारच्या मुलाशी तुलना करू नका, हे तुम्हाला कोणीही सांगेल. रात्री अंथरूण ओलं होणं हे वेगळं प्रकरण. पाच वर्षांपर्यंत त्याचं काही मनावर घेऊ नका.

पाळणाघर बघायला जाल तेव्हा फीच्या आधी एक विचारा, मुलाने चड्डीत केली तर तुम्ही त्याला काय म्हणता? उत्तर गोलमोल आलं, तर दुसरं पाळणाघर बघा. आम्ही बदललं.