नमुन्याविना क्रोशाचे ब्लँकेट : हिशेब आधी, सुई नंतर

सानपाड्यासारख्या वसाहतीत घरबसल्या करता येण्याजोगा आणि थोड्या भांडवलाचा उद्योग म्हणून क्रोशाकडे पाहता येईल. जाळीदार टोप्या, रुमाल विणणारे हात आपल्या घरांत आहेतच. त्याच हातांनी लहान मुलांचे ब्लँकेट विणता येते. मात्र छापील नमुना हाती नसला की काम अंदाजाने सुरू होते, लोकर अपुरी पडते, भावही अंदाजानेच सांगितला जातो आणि विणणाऱ्या भगिनीची मजुरी बुडते. म्हणून पुढील पद्धत आम्ही सुचवितो.

तुकडा विणा. ठरलेल्या लोकरीचा व सुईचा 20 × 20 सें.मी. तुकडा विणावा. तो धुऊन, वाळवून मोजावा व वजन करावे. किती वेळ लागला तेही लिहून ठेवावे. समजा, 10 सें.मी.मध्ये 14 खांब व 8 ओळी बसल्या आणि तुकडा 20 ग्रॅम भरला. 75 × 90 सें.मी.च्या ब्लँकेटला 105 खांब व 72 ओळी लागतील. सुरुवातीला 107 साखळ्या घालून सुईपासून चौथ्या साखळीत खांब घालावा. सोडलेल्या तीन साखळ्या पहिला खांब समजाव्यात. लोकर सुमारे 340 ग्रॅम. किनारीसह 400 ग्रॅम धरावी.

खरेदी. सानपाड्याहून हार्बर मार्गाने मशीद स्थानकापर्यंत थेट गाडी आहे. घाऊक बाजारातून सर्व लोकर एकदमच आणि एकाच रंगघाण्याची घ्यावी. नंतर आणलेल्या गुंड्याची छटा हमखास वेगळी दिसते. आपल्याकडच्या दमट हवेत सुती धागा किंवा हलकी ॲक्रिलिक लोकर बरी.

आखणी. चौकटीच्या वहीत 72 ओळींचे पट्टे रंगवून पाहावेत. तीन रंग पुरेत. दर ओळीअखेर खांब मोजावेत. 105 चे 104 झाले की कड आत ओढली जाते.

शेवट. गिऱ्हाईक आधी कड पाहते. बाजूच्या कडेला प्रत्येक खांबओळीमागे दोन मुके खांब व कोपऱ्यात तीन घालावेत. कड लहरू लागली तर टाके कमी करावेत, आत ओढली तर वाढवावेत. धाग्याची टोके सहा इंच सोडून मोठ्या सुईने उलटसुलट ओवावीत. सुती ब्लँकेट ओले करून सपाट ताणून वाळवावे. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवू नये. लोकर कायमची लुळी पडते.

भाव. तुकड्याला एक तास लागला असेल तर ब्लँकेटला 17 तास. किनारीसह 20 धरावेत. उदाहरणादाखल तासाला 50 रुपये धरले तर मजुरी 1000, लोकर 400, प्रवास व पिशवी 100, म्हणजे 1500 रुपये. नफा यावर. गिऱ्हाइकाला महाग वाटल्यास आकार कमी करावा, मजुरी नव्हे. खरा क्रोशे आजही हातानेच विणला जातो, हे त्याला सांगावे.

चार घरांनी मिळून काम घेतल्यास सुई, धागा व तुकड्याचे माप आधी एक करावे. 2016 साली चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ठिकठिकाणच्या स्त्रियांचे तुकडे जोडून 11,148.5 चौरस मीटरचे विक्रमी ब्लँकेट केले. माप ठरलेले असले तरच असे तुकडे जुळतात. ऑर्डर लहान असो वा मोठी, आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी तुकडा दाखवावा आणि भाव कागदावर लिहून द्यावा. त्यात दोन्ही बाजूंचे समाधान आहे.