हॉवर्ड क्रूझ : आत्मप्रकटन आणि चित्रकादंबरीचा घाट

चित्रकथा हा वाङ्मयप्रकार मानावा की नाही, याविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ साशंकता होती. शब्द आणि रेषा यांच्या संयोगातून सिद्ध होणारे हे कथन बालरंजनाच्या कक्षेत ठेवण्याकडेच समीक्षेचा कल राहिला. अशा उपेक्षित प्रकारात उपेक्षित जीवनानुभव मांडू पाहणाऱ्या लेखकासमोर दुहेरी अडचण उभी राहते. अमेरिकन चित्रकथाकार हॉवर्ड क्रूझ (१९४४-२०१९) याची कारकीर्द या दृष्टीने अभ्यसनीय आहे. आपण समलिंगी आहोत हे त्याने उघडपणे सांगितले, एवढ्याने त्याचे वाङ्मयीन महत्त्व सिद्ध होत नाही. या सांगण्यामुळे त्याच्या कथनरूपात कोणते बदल घडले आणि ते त्याला कोठवर घेऊन गेले, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१. पार्श्वभूमी

क्रूझचा जन्म २ मे १९४४ रोजी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे झाला. धर्मोपदेशकाचा हा मुलगा जवळच्याच स्प्रिंगव्हिल या लहान गावी वाढला. वर्णभेदाचे कायदे आणि कर्मठ धार्मिकता यांनी बांधलेले ते जग होते. पुढे त्याने बर्मिंगहॅममधील महाविद्यालयात नाट्यशास्त्राचा अभ्यास केला. पात्रांच्या हालचाली, मुद्राभिनय आणि प्रसंगाची उभारणी यांविषयीची त्याची जाण या शिक्षणाशी निगडित आहे, असे त्याची पाने पाहताना जाणवते.

तो ज्या काळात चित्रकथेकडे वळला त्या काळाचे निर्बंधही लक्षात घेणे अगत्याचे आहे. १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांच्या ग्रंथाने चित्रकथा मुलांना बिघडवतात असा गवगवा केला. बॅटमन आणि रॉबिन यांच्या सहवासातही त्यांना समलिंगी आकर्षणाची छाया दिसली. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. 'लैंगिक विकृती' आणि तिचा सूचक उल्लेखदेखील या संहितेने वर्ज्य ठरविला, आणि समलिंगी संबंधांची गणना त्या विकृतीतच होत असे. संहितेतील ही बंदी १९८९ पर्यंत उठली नाही. परिणामी मुख्य प्रवाहातील चित्रकथेत समलिंगी माणूस माणूस म्हणून येणे अशक्य होते. ही संहिता न जुमानणाऱ्या 'भूमिगत' चित्रकथांचा प्रवाह १९६० नंतरच्या दशकात उदयास आला आणि क्रूझला पहिला अवकाश तेथे मिळाला.

२. विनोदाच्या आडून

क्रूझची पहिली लक्षणीय निर्मिती म्हणजे १९७१ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या विद्यार्थी-वृत्तपत्रातून सुरू झालेली 'बेअरफूट्झ' ही मालिका. टापटीप पोशाखातला, मोठाल्या अनवाणी पायांचा एक सालस तरुण, त्याच्या घरात बिनदिक्कत नांदणारी झुरळे आणि पलंगाखाली राहणारा एक अदृश्य प्राणी असे हे अद्भुत विश्व. रेषा गोलसर, प्रसन्न. भूमिगत चित्रकथांच्या वाचकांना धक्कादायक, आक्रमक चित्रणाची सवय असल्याने अनेकांना ही मालिका फारच गोजिरवाणी वाटली.

मात्र या गोजिरेपणाचा एक उपयोग झाला. १९७६ मध्ये मालिकेच्या दुसऱ्या अंकात नायकाचा चित्रकार मित्र हेडरॅक समलिंगी असल्याचे उघड होते. वाचकाला आधीपासून परिचित आणि प्रिय असलेल्या पात्राविषयीचे हे सत्य असल्याने ते त्याला झटकून टाकता येत नाही. येथे क्रूझच्या लेखनपद्धतीचे बीज दिसते : ओळख आधी माणसाची, मग त्याच्या प्रवृत्तीची. तरीही हा कबुलीजबाब दुय्यम पात्राचा होता; लेखक स्वतः अद्याप पात्राच्या आडच होता.

३. संपादकाचे धाडस

क्रूझ १९७७ मध्ये न्यूयॉर्कला आला. १९७९ मध्ये प्रकाशक डेनिस किचन यांनी समलिंगी स्त्रीपुरुषांच्या चित्रकथांच्या नियतकालिकाचे संपादन करण्याविषयी त्याला विचारले. हे काम स्वीकारणे म्हणजे व्यावसायिक जगात आपली ओळख जाहीर करणे. व्यंगचित्रांवर उपजीविका असलेल्याला कामे नाकारली जाण्याची भीती होती. क्रूझने होकार दिला आणि १९८० मध्ये 'गे कॉमिक्स'चा पहिला अंक निघाला. पहिल्या चार अंकांचे संपादन त्याने केले.

या क्षेत्रात स्त्रिया आधीच पुढे गेल्या होत्या, हे येथे नोंदविले पाहिजे. मेरी विंग्ज हिची स्वतंत्र पुस्तिका १९७३ मधील आणि रॉबर्टा ग्रेगरी हिची १९७६ मधील आहे. क्रूझने या दोघींना पहिल्याच अंकात स्थान दिले आणि स्त्रीपुरुष लेखकांचा समतोल राखण्याचा आग्रह धरला. त्याची अपेक्षा प्रचारकी घोषणांची नव्हती. जगलेल्या आयुष्याच्या गोष्टींची होती. त्याच्या स्वतःच्या 'बिली गोज आउट' या कथेत एका तरुणाची रात्रीची भटकंती आणि त्याच्या मनात तरळणाऱ्या आठवणी व विचार एकाच पानावर शेजारी शेजारी चालतात. बाह्य कृती आणि अंतर्मन एकाच वेळी नजरेसमोर ठेवण्याचे चित्रकथेचे सामर्थ्य येथे प्रथमच त्याच्या हाती पूर्णपणे आलेले दिसते. १९८३ च्या चौथ्या अंकातील 'सेफ सेक्स' ही कथा एड्सच्या सावटाला सामोरी जाते. भय, अफवा, शोक आणि उपहास यांचे तुकडे ती जोडत नाही. विस्कळीतपणा हेच तिथे आशयाचे रूप होते.

१९८३ पासून 'दि अॅडव्होकेट' या समलिंगी समाजाच्या राष्ट्रीय नियतकालिकात त्याची 'वेंडेल' ही मालिका आली आणि मधला खंड वगळता १९८९ पर्यंत चालली. होतकरू लेखक वेंडेल, त्याचा जोडीदार नट ऑली आणि ऑलीला आधीच्या विवाहापासून झालेला मुलगा फार्ली यांचे हे कौटुंबिक विश्व. घरातील रुसवेफुगवे आणि पैशांची ओढाताण यांच्याच जोडीला एड्स आणि तत्कालीन राजकारण येते. वाचक स्वतः याच समाजातील असल्याने येथे समर्थनाची गरज उरत नाही. समर्थनाचे ओझे उतरल्यावर पात्रे मोकळेपणाने चुकू शकतात, हास्यास्पद ठरू शकतात.

४. 'स्टक रबर बेबी'

या सर्व प्रवासाची परिणती १९९५ मधील 'स्टक रबर बेबी' या २१० पृष्ठांच्या चित्रकादंबरीत झाली. डीसी कॉमिक्सच्या पॅराडॉक्स प्रेस या शाखेने ती प्रसिद्ध केली. दोन वर्षांत पुरे होईलसे वाटलेले काम चार वर्षे चालले; आगाऊ मानधन संपल्यावर अजून न रेखाटलेल्या पानांची मूळ चित्रे आधीच विकून क्रूझने खर्च भागविला. या विलंबाचे कारण पानापानांवर दिसते. पूर्वीच्या गोलसर रेषेच्या जागी येथे काळ्या शाईच्या आडव्यातिडव्या रेषांचे दाट विणकाम आहे.

१९६० नंतरच्या दशकाच्या प्रारंभीचे क्लेफील्ड हे कल्पित दाक्षिणात्य शहर कादंबरीची पार्श्वभूमी आहे. त्यामागे बर्मिंगहॅम आहे हे उघड आहे. १५ सप्टेंबर १९६३ रोजी तेथील चर्चमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटात चार कृष्णवर्णीय मुली मृत्युमुखी पडल्या होत्या. नायक टोलंड पोक हा पेट्रोलपंपावर काम करणारा गोरा तरुण. आपले आकर्षण नाकारण्यासाठी तो जिंजर या नागरी हक्क चळवळीतील गायिकेवर प्रेम करू पाहतो. शीर्षकातील 'रबर' म्हणजे निरोध. या संबंधातून मूल जन्मते आणि ते दत्तक दिले जाते. क्रूझच्या तरुणपणीही असेच घडले होते. तरीसुद्धा हे आत्मचरित्र नसून कादंबरी आहे, ही त्याची भूमिका होती.

आत्मचरित्र आणि आत्मकथन यांतील भेद मराठी अभ्यासकाला परिचित आहे. एकात व्यक्तीच्या कर्तृत्वाचा आलेख असतो, तर दुसऱ्यात समूहाच्या वाट्याला आलेल्या जगण्याची साक्ष. क्रूझची कादंबरी साक्षीकडे झुकते. परंतु ही साक्ष पीडिताची जितकी आहे तितकीच काठावर उभ्या राहिलेल्याची आहे. टोलंडला वर्णद्वेष चुकीचा आहे हे कळते, पण कळण्यातून कृती घडत नाही. आपले गुपित उघडे पडेल ही भीती आणि गोरेपणामुळे लाभलेली सुरक्षितता या दोन्ही गोष्टी त्याला गप्प ठेवतात. समलिंगी असल्याचे न लपविणारा त्याचा मित्र सॅमी नून याची हत्या होते तेव्हा ही सुरक्षितता खोटी होती हे त्याला उमगते. लपून राहिल्याने आपण वाचलो आणि जो लपला नाही तो मारला गेला, या जाणिवेने त्याचे निवेदन व्यापलेले आहे.

म्हणूनच निवेदनाची योजना महत्त्वाची ठरते. प्रौढ टोलंड अनेक वर्षांनंतर, आपल्या जोडीदाराच्या सोबतीत, ही हकिकत सांगतो. तरुण टोलंडचे खोटे चौकटीत घडत असते आणि प्रौढ टोलंडचा शब्द त्याच चौकटीवर लिहिलेला असतो. केवळ गद्यात हे दोन काळ एकामागून एक यावे लागले असते. येथे वाचक लपवणारा आणि सांगणारा अशा दोघांना एकाच दृष्टिक्षेपात पाहतो. आत्मप्रकटन हा येथे केवळ विषय उरत नाही; तो पानाचा घाट होतो.

५. मूल्यमापन

कादंबरीला १९९६ मध्ये आयस्नर आणि हार्वे हे चित्रकथाक्षेत्रातील प्रतिष्ठेचे पुरस्कार लाभले. २०१० मध्ये तिची नवी आवृत्ती अॅलिसन बेक्डेल हिच्या प्रस्तावनेसह निघाली. 'फन होम' (२००६) या आत्मकथनाची ही लेखिका 'गे कॉमिक्स'च्या वाचनातून स्वतःच्या वाटेकडे वळली होती, हे तिने आवर्जून सांगितले आहे. क्रूझचे २६ नोव्हेंबर २०१९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यात निधन झाले. १९७९ पासून त्याच्यासोबत असलेल्या जोडीदाराशी २००४ मध्ये, त्या राज्यात कायद्याने मुभा मिळताच, त्याने विवाह केला होता.

मोठी चित्रकादंबरी क्रूझने एकच लिहिली, ही त्याच्या कारकिर्दीची मर्यादा मानता येईल. संख्येने विपुल निर्मिती करण्याइतके आर्थिक स्थैर्य अशा लेखनाने त्याला दिले नाही, हे त्यामागील एक कारण होय. परंतु हेडरॅकच्या कबुलीपासून टोलंडच्या साक्षीपर्यंतचा त्याचा प्रवास एक गोष्ट स्पष्ट करतो. स्वतःची ओळख जाहीर केल्याने लेखकाचे अनुभवविश्व आक्रसते, हा समज त्याच्या बाबतीत खोटा ठरतो. स्वतःविषयी खरे बोलण्याची सवय झाल्यावरच तो स्वतःच्या भित्रेपणाविषयी, आपल्या वर्णाला मिळालेल्या सवलतींविषयी आणि इतरांच्या दुःखाविषयी खरे बोलू शकला.