कॅम्प तीनमध्ये भाड्याचं घर: ॲपला किती द्यावं, दलालाला किती

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये भाड्याने घर घ्यायचं तर पहिल्या महिन्यात किती रक्कम हाताशी लागते, तो हिशेब आधी मांडू. भाडं समजा १०,००० आणि डिपॉझिट ५०,००० रुपये. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. दलाली इथल्या रीतीने एका महिन्याचं भाडं, म्हणजे आणखी १०,०००. कराराची नोंदणी आणि मुद्रांक शुल्क मिळून सोळा-सतराशे. करार करून देणाऱ्याची फी आणि टेम्पो-हमाली वेगळी. म्हणजे बहात्तर हजारांच्या आत किल्ली हातात पडत नाही. यातलं डिपॉझिट परत येणारं आहे, भाडं तर द्यायचंच आहे. खरा वाचवता येण्यासारखा खर्च दलालीचा, आणि घर शोधून देणाऱ्या ॲपची सगळी जाहिरात त्या दहा हजारांवरच चालते.

आता या ॲपमध्ये एआय आलं आहे. 'स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं, तळमजला नको, दहा हजारांच्या आत' असं नुसतं बोलून किंवा लिहून सांगायचं आणि ॲपने घरं काढून द्यायची. अमेरिकेतल्या झिलो या घरं शोधायच्या ॲपने साध्या वाक्यात घर शोधायची सोय जानेवारी २०२३ मध्ये आणली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती चॅटजीपीटीच्या आतही पोचवली. आपल्याकडच्या मोठ्या ॲपचाही कल तिकडेच आहे. शोधणं बहुतेक ठिकाणी फुकट असतं. मालकांचे फोन नंबर हवे असतील तर मात्र प्लॅन घ्यावा लागतो, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात दिसणारी किंमत बऱ्याचदा करापूर्वीची असते.

हे पैसे द्यावेत का? माझं म्हणणं सरळ आहे. आधी त्या ॲपमध्ये कॅम्प तीन आहे का ते तपासा, मग द्या.

उल्हासनगर म्हणजे नेमकं कुठलं?

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिथल्या बराकींमध्ये सिंधी निर्वासितांना वसवलं गेलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. पाच कॅम्प तेव्हापासूनचे, आणि पत्त्याची पद्धतही तिथूनच आली. बराक नंबर, ब्लॉक नंबर, सेक्शन, मग रूम नंबर. कॅम्प तीनचा माणूस घर सांगतो ते '१७ सेक्शनला', 'सपना गार्डनच्या मागे', 'चोपडा कोर्टाजवळ', 'सेंट्रल हॉस्पिटलच्या समोरच्या गल्लीत' असं. यांत्रिक शोधाला जाहिरातीत जेवढं लिहिलं असेल तेवढंच कळतं. मालकाने नुसतं 'उल्हासनगर, स्टेशनजवळ' लिहिलं तर एआयलाही तेवढंच ठाऊक.

हा घोळ पैशांत पडतो. कॅम्प एकला जवळचं स्टेशन शहाड, आणि शहाड कसाऱ्याच्या मार्गावर आहे. कॅम्प तीनचं उल्हासनगर स्टेशन कर्जतच्या मार्गावर आहे. कॅम्प पाचवाले अंबरनाथला उतरतात. एकाच नावाखाली दोन वेगळ्या लोकल आल्या. अंबरनाथ किंवा बदलापूरला नोकरी असणाऱ्याने चुकून शहाडजवळचं घर घेतलं तर रोज कल्याणला गाडी बदलावी लागेल, नाहीतर रिक्षा. महिन्याकाठी हा खर्च भाड्यातल्या हजार-पाचशेच्या फरकाला सहज गिळून टाकतो.

म्हणून प्लॅन विकत घेण्यापूर्वी फुकटच्या शोधात 'कॅम्प ३' टाका. गेल्या पंधरा दिवसांत आलेल्या आणि तुमच्या बजेटमध्ये बसणाऱ्या जाहिराती मोजा. त्यातले जेवढे नंबर फुकट मिळतात त्यांना फोन करा. घर अजून रिकामं आहे का आणि बोलणारा मालक आहे की दलाल, हे दोनच प्रश्न विचारा. समजा प्लॅन २,००० रुपयांचा आहे, करासह २,३६०. ॲपमधून घर मिळण्याची शक्यता चारांत एक वाटत असेल, तर दहा हजारांच्या दलालीवर तुमची संभाव्य बचत २,५०० होते. म्हणजे जेमतेम बरोबरी. शक्यता निम्मी असेल तर प्लॅन परवडतो. दहांत एक असेल तर पैसे देऊ नका, एआय कितीही गोड बोलो.

पैसे देताना आपोआप नूतनीकरणाची खूण आधीच टाकलेली आहे का, तेही पाहा. ग्राहकाला वर्गणीत अडकवून ठेवणाऱ्या अशा युक्त्यांवर केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बंदी घातली आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

दलालाचे पैसे

भाड्याच्या दलालीचा दर कायद्याने ठरवलेला नाही. महारेराची दलाल नोंदणी प्रकल्पांतल्या घरांच्या विक्रीसाठी आहे, भाड्याचा व्यवहार तिच्यात येत नाही. त्यामुळे घासाघीस करायला वाव आहे, विशेषतः घर तुम्ही स्वतः ॲपवर शोधलं असेल आणि दलालाने फक्त कुलूप उघडून दाखवलं असेल तेव्हा. दर ११ महिन्यांनी करार नव्याने करताना पुन्हा दलाली मागतात. ती द्यायची की नाही, हे पहिल्याच दिवशी बोलून ठेवा. रोख देत असाल तर पावती घ्या. दलाल १८ टक्के जीएसटी लावत असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक पावतीवर हवाच.

मात्र चांगल्या दलालाची फी मला फुकट गेली असं वाटत नाही. पाणी कुठल्या वेळी येतं, पावसात गल्लीत किती साचतं, वालधुनी नदी किती जवळ आहे, मीटर स्वतंत्र आहे की मालकाच्या मीटरवरून पोटमीटर काढलाय, मागचा भाडेकरू का गेला, हे सगळं त्याला ठाऊक असतं. फोटोंत यातलं काही दिसत नाही. इथे एक सावधगिरी घ्या. मालकाच्या पोटमीटरवर युनिटचा दर काय लावणार, ते करारात लिहून घ्या.

ज्या इमारतीत राहायचं ती

यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन. उल्हासनगरच्या ८५५ बेकायदा इमारतींचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००६ मध्ये केवळ या शहरासाठी नियमितीकरणाचा वेगळा कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि घरात बसलेली माणसं दगावली. भाडेकरू इमारतीचा मालक नसतो, पण स्लॅबखाली तोही तेवढाच असतो.

महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणं बंधनकारक आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे हा अहवाल मागा. मागायला एक रुपयाही लागत नाही. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते, त्यात नाव आहे का पाहा. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच मोठी दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. पहिल्या दोन वर्गांतलं घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. अहवाल मिळाला नाही तर जिन्याखाली, शेवटच्या मजल्याच्या छताला आणि संडास-बाथरूमच्या खालच्या बाजूला बघा. गंजलेली सळई दिसतेय, प्लास्टर फुगलंय, खांबाला उभी चीर आहे, तर तिथून निघा.

'हेवी डिपॉझिट' घेणाऱ्यांनी तर हे दुप्पट काळजीने पाहावं. दोन-चार लाख एकदम देऊन भाडं नाममात्र किंवा शून्य, असा हा व्यवहार असतो. इमारत रिकामी करायची नोटीस आली की भाड्याने राहणारा एका महिन्याच्या नुकसानीत बाहेर पडतो. हेवी डिपॉझिटवाल्याची मात्र सगळी जमा मालकाकडे अडकते, आणि मालकाने ती बहुधा खर्च केलेली असते. माझ्या मते जुन्या इमारतीत हा व्यवहार करूच नये.

कुठल्याही ॲपने घराच्या जाहिरातीशेजारी इमारतीचं वय, तपासणीची तारीख आणि पालिकेच्या यादीतला वर्ग दाखवला, तर मी त्याला आनंदाने पैसे देईन.

कराराचा खर्च

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून घेतलेला कागद म्हणजे नोंदणी होत नाही. बराकींच्या जागांमध्ये मालकाकडे सनद किंवा मालकीचा पुरावा नीट नसतो, तिथे हाच कागद पुढे केला जातो. अशा वेळी किमान मालमत्ता कराची पावती आणि वीजबिल कोणाच्या नावावर आहे ते पाहा आणि डिपॉझिट कमीत कमी ठेवा.

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. २४ महिन्यांचं भाडं २,४०,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून दोन वर्षांचे १०,००० मिळवा. एकूण २,५०,०००, त्यावर शुल्क ६२५ रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. दस्त हाताळणीचं शुल्क ऑनलाइन भरताना दिसतं. नोंदणी फी दर करारामागे आहे. त्यामुळे दर ११ महिन्यांनी नवा करार करण्यापेक्षा दोन-तीन वर्षांचा एकच करार स्वस्त पडतो, फक्त त्यात नोटिशीचा कालावधी आणि दरवर्षीची भाडेवाढ स्पष्ट लिहा. घरी येऊन अंगठ्याचा ठसा आणि फोटो घेऊन नोंदणी करणारे एजंट आपली फी सरकारी शुल्कात मिसळून एकच आकडा सांगतात. दोन्ही वेगळे लिहून मागा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देण्याचं काम मालकाचं आहे आणि ते ऑनलाइन विनाशुल्क होतं. त्यासाठी कोणी पाचशे मागितले तर ती एजंटच्या खेपेची मजुरी समजा.

घर बघण्यापूर्वी 'गेटपास' किंवा 'टोकन' म्हणून यूपीआयने एक रुपयाही पाठवू नका. आधार द्यायचाच तर पहिले आठ अंक झाकलेला मास्क्ड आधार द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

ॲप काढायचं म्हणणाऱ्यांसाठी

आपल्या भागातली कॉलेजची मुलं आणि काही इस्टेट एजंट असं ॲप काढायचा विचार करतात, आणि घरचे पैसे घालतात. त्यांच्यासाठी बाजाराचा अंदाज. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर ५,०६,०९८, अंबरनाथ २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूर १,७४,२२६, मिळून सव्वानऊ लाखांच्या वर. घरटी साडेचार माणसं धरली तर दोन लाखांहून थोडी जास्त कुटुंबं. त्याच जनगणनेत देशातल्या शहरी कुटुंबांपैकी सुमारे २७ टक्के भाड्याने राहत होती. तोच दर इथे लावला तर ५६,००० भाडेकरू कुटुंबं. प्रत्येक कुटुंब दोन वर्षांनी घर बदलतं असं मानलं तर वर्षाला २८,००० शोध. गेल्या दशकात अंबरनाथ-बदलापूर बरंच वाढलंय, तेव्हा आकडा याहून मोठा असेल, पण पाया म्हणून एवढा पुरे.

दहांतल्या एकाने १,००० रुपये दिले तर वर्षाचे २८ लाख. ऐकायला बरे वाटतात. पण घर मिळालं की ग्राहक दोन वर्षं परत येत नाही, म्हणजे दरवर्षी नवा ग्राहक आणण्यासाठी जाहिरात. एआयचा खर्च यात मोठा नाही. मोठा खर्च आहे तो गल्लीगल्लीत फिरून घर खरंच रिकामं आहे का हे पाहणाऱ्या चार-पाच माणसांच्या पगाराचा. त्यांना वगळलं तर ॲपमध्ये शिळ्या जाहिराती उरतात आणि लोक पुन्हा नाक्यावरच्या एजंटकडे जातात. उलट त्याच २८,००० शोधांवर सरासरी ८,००० ची दलाली धरली तर ती २२ कोटींच्या वर जाते. पैसा तिथे आहे, म्हणून एजंटला बाजूला सारण्यापेक्षा त्यालाच तपासलेल्या घरांची यादी आणि कराराची सोय विकणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. मालकाला भाडं किती वाढवावं हे सांगणारं ॲप मात्र काढू नका. अशाच सॉफ्टवेअरमुळे ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने रिअलपेज कंपनीला कोर्टात खेचलं.

सुरुवात फक्त कॅम्प तीनपासून करा. एक सेक्शन घ्या, तिथली रिकामी घरं दर आठवड्याला स्वतः जाऊन तपासा, यादी साध्या व्हॉट्सॲपवर चालवा, आणि मराठी, हिंदी, सिंधी तिन्ही भाषांत बोला. तीन महिन्यांत त्या यादीतून किती करार नोंदवले गेले आणि किती जणांनी न मागता पैसे दिले, हे दोन आकडे हातात आल्यावरच प्रोग्रामरला आगाऊ रक्कम द्या.