एकच ओळ पुन्हापुन्हा का? कव्वालीची मैफल ऐकताना



या सत्रात आठवी-नववीच्या मुलामुलींना घेऊन आम्ही हैदराबादेतच एका कव्वालीच्या मैफिलीला गेलो होतो. निघण्यापूर्वी एका पालकांनी विचारले, "आपले अभंग मुलांना धड येत नाहीत, मग हे कशासाठी?" परतताना बसमध्ये एका मुलीने विचारले, "सर, ते एकच ओळ इतक्या वेळा का म्हणत होते?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याचे उत्तर नीट कळले की पहिल्याचेही मिळते, असे आम्हाला वाटते. म्हणून हा पाठ.

कव्वाली म्हणजे काय?

'कौल' या अरबी शब्दाचा अर्थ वचन, उक्ती. कौल गाणारा तो कव्वाल आणि त्याचे गाणे ती कव्वाली. सिनेमातली दोन पक्षांची चढाओढ आपल्या परिचयाची असते, पण मूळ कव्वाली ही सूफी संतांच्या दर्ग्यातली उपासना आहे. ईश्वराच्या प्रेमात मन बुडावे म्हणून गाणे ऐकण्याच्या या प्रथेला 'समा' म्हणतात. समा या शब्दाचा अर्थच मुळी 'ऐकणे' असा आहे, 'गाणे' असा नव्हे. ही गोष्ट लक्षात ठेवा.

भारतात ही प्रथा मुख्यतः चिश्ती परंपरेने जोपासली. दिल्लीचे हजरत निजामुद्दीन औलिया आणि त्यांचे शिष्य, कवी अमीर खुसरो (१२५३–१३२५) यांना कव्वाल आजही आपले मूळपुरुष मानतात. गुरू आणि शिष्य दोघेही १३२५ सालीच वारले. दोघांच्या कबरी दिल्लीत एकाच आवारात आहेत आणि तिथे आजही कव्वाली होते. आपल्या हैदराबादेतही हे घराणे नांदते आहे. येथील कव्वाल अजीज अहमद खान वारसी यांना १९७१ साली पद्मश्री मिळाली.

मैफिलीची मांडणी

पुढच्या ओळीत मुख्य गायक व पेटीवाले, शेजारी तबला-ढोलक, मागे साथीला गाणारे. मागचे लोक टाळ्या वाजवतात ती शोभा नव्हे, ते तालवाद्यच आहे. ताल बहुधा आठ मात्रांचा केरवा किंवा सहा मात्रांचा दादरा. पेटी एकोणिसाव्या शतकानंतर आली. त्याआधी साथीला सारंगी असे.

गाण्याचा क्रमही सांभाळला जातो. आधी ईश्वराची स्तुती, ती 'हम्द'. मग पैगंबरांची, ती 'नात'. त्यानंतर संतांची, ती 'मनकबत'. पुढे फारसी, उर्दू, हिंदवी रचना येतात.

ओळ का परतते?

मैफिलीत तिसऱ्या रांगेत बसलेले एक वृद्ध गृहस्थ तुम्हाला आठवत असतील. एका ओळीला त्यांनी डोळे मिटून हात वर केला. गायकाने ते पाहिले आणि पुढचा चरण सोडून तीच ओळ पुन्हा घेतली, मग पुन्हा, दर वेळी निराळ्या सुरांनी. लय हळूहळू वाढली. ते गृहस्थ शांत झाल्यावरच गाणे पुढे सरकले.

याला 'तकरार' म्हणतात. इथे तकरार म्हणजे भांडण नव्हे, पुनरुक्ती. कोणती ओळ कोणाच्या काळजाला लागली, हे कव्वाल श्रोत्यांचे चेहरे पाहून ओळखतो. श्रोता तल्लीन होऊन देहभान विसरला, त्याला 'हाल' आला, तर ती ओळ मध्येच तोडायची नाही, असा दंडक आहे. ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी यांनी १२३५ साली अशाच एका फारसी शेरावर तल्लीन अवस्थेत देह ठेवला, असे परंपरा सांगते.

म्हणजे मैफल किती रंगेल, हे अर्धे ऐकणाऱ्यावर असते. त्या दिवशी आपली काही मुले कंटाळली, चुळबुळ करू लागली. दोष त्यांचा नाही. हा पाठ आम्ही आधी द्यायला हवा होता. ती चूक आमची.

हे आपल्याला अनोळखी आहे का?

आता आपले भजन आठवा. बुवा एक चरण घेतात, मागचे टाळकरी ध्रुपद धरतात. रंग भरला की तेच ध्रुपद कितीतरी वेळ चालते. तिथे आपण विचारतो का, "एकच ओळ का?" कीर्तनकार मध्येच दुसऱ्या संताचे प्रमाण देतात. कव्वालही मूळ रचनेत दुसऱ्या कवीचा शेर गुंफतो. त्याला 'गिरह', म्हणजे गाठ, म्हणतात. उपासना निराळ्या, श्रद्धा निराळ्या, हे खरेच. पण ऐकणाऱ्याला सोबत घेऊन जाण्याची रीत शेजारची आहे.

शेजार जुनाच आहे. निजामुद्दीनांचे शिष्य आणि समाचे मोठे प्रेमी बुरहानुद्दीन गरीब दक्षिणेत आले. दौलताबादेजवळ खुलदाबादला त्यांचा दर्गा आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठी ओवीत लिहिला. आणि इथल्या दखनी बोलीतले 'नक्को' तर तुम्ही रोज ऐकता. ते आपलेच 'नको' आहे!

त्या पालकांना आमचे नम्र उत्तर असे: शेजाऱ्याचे गाणे लक्ष देऊन ऐकले म्हणजे आपला अभंग मागे पडत नाही. उलट आपण ध्रुपद का धरतो, हे मुलांना नव्याने कळते. मात्र अभंग शिकवण्यात आम्ही कमी पडतो, हे त्यांचे म्हणणे मान्य आहे. पुढच्या वर्षी भजन आणि कव्वाली दोन्ही, आधी पाठ देऊन, ऐकवावे, अशी विश्वस्तांना विनंती करीत आहोत.

स्वाध्याय

१. 'समा' या शब्दाचा अर्थ सांगा. तो 'ऐकणे' असा का असावा?
२. भजन व कव्वाली यांतील तीन साम्ये आणि दोन फरक लिहा.
३. केरव्याच्या आठ मात्रा टाळीवर मोजून म्हणा.
४. घरात आजी-आजोबांना विचारा: कोणती ओळ त्यांना पुन्हापुन्हा ऐकावीशी वाटते, आणि का?