गटाच्या गाडीत जीपीएस बसवताना



मागच्या अंकात आपण गटाच्या गाडीचा विमा आणि पासिंग बघितलं. त्यानंतर शिरूरच्या दोन आणि दौंडच्या एका ग्रामसंघातून एकच प्रश्न आला, "मॅडम, गाडीत ते जीपीएस का काय असतं, ते बसवावं का? आणि बसवायचं तर कुणाकडून?" या वेळचा पाठ त्यावरच घेते. पण आधी न्हावरा–चौफुला रस्त्यालगतच्या एका गटात काय झालं ते सांगते. गटाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

या गटानं जुनी छोटी पिकअप घेतली. भाजी, मसाले, पापड असा माल रांजणगाव आणि शिक्रापूरकडं पोचवायचा. ड्रायव्हर म्हणजे गटातल्याच एका ताईंचा धाकटा दीर. गाडी घेतली त्याच आठवड्यात एका दुकानातून जीपीएसची डबी आणि टेप, दोन्ही एकदमच बसवून घेतले. महिनाभर सगळं बरं चाललं. मग दर सोमवारी पहाटे गाडी चालू होईना. रविवारी सुट्टी, शनिवारी संध्याकाळी गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी, आणि सोमवारी चावी फिरवली की नुसतं टक्-टक्. भाजी तशीच पडून. त्यात कोषाध्यक्ष ताईंनी मोबाइलवर नकाशा उघडला, तर रात्री दोन वाजता गाडी हललेली दिसली! एका रेघेऐवजी दहा-बारा रेघा, इकडून तिकडं. झालं. "पोरगं रात्रीचं गाडी काढतं, डिझेल आपलं जाळतं, म्हणून बॅटरी उतरते," असं बैठकीत सगळ्यांसमोर बोललं गेलं. त्या ताई काही न बोलता उठून गेल्या. पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत, बचतही दुसरीच्या हाती पाठवली.

पोरानं गाडी काढलीच नव्हती. हे कसं कळलं, ते समजायला आधी डबी काम कशी करते ते बघू.

आपल्याला वाटतं, ही डबी उपग्रहाला सांगते की मी इथं आहे. तसं नाही. ती उपग्रहाला काहीच पाठवत नाही, फक्त ऐकते. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून साधारण २०,००० किलोमीटर वर फिरतात आणि सतत वेळेचा इशारा सोडत असतात. डबीला निदान चार उपग्रहांचा इशारा नीट ऐकू आला, की कोणता इशारा किती उशिरा पोचला यावरून ती स्वतःची जागा काढते. मग ती जागा आत बसवलेल्या सिमकार्डावरून, म्हणजे साध्या मोबाइलच्या रेंजवरून, कंपनीच्या सर्व्हरला जाते आणि तिथून आपल्या मोबाइलवर दिसते. म्हणून डबीला वरचं आकाशही लागतं आणि मोबाइलची रेंजही. रेंज नसेल तर बऱ्याच डब्या माहिती साठवून ठेवतात आणि रेंज आली की पाठवतात.

आता पत्र्याचं शेड आठवा. इशारा अगोदरच क्षीण, त्यात वर पत्रा. कधी इशारा अडतो, कधी शेजारच्या भिंतीवर आपटून उशिरा येतो. डबीचा हिशेब चुकतो आणि जागेवर उभी असलेली गाडी नकाशावर वीस-पन्नास मीटर इकडं तिकडं नाचते. रात्री दोनच्या रेघा त्या याच. ओळखायचं कसं? त्या वेळी चावी चालू होती का हे नकाशात बघायचं, आणि गाडीच्या मीटरवरचे किलोमीटर वहीतल्या आकड्याशी ताडून बघायचे. या गटात शनिवारचा आणि सोमवारचा आकडा सारखाच होता. वही होती, लिहिलेलंही होतं, पण त्या दिवशी कुणी उघडून बघितलं नाही.

राहिली बॅटरी. गाडी बंद असताना बॅटरीतून करंट कोण खातंय हे शोधायला मल्टिमीटर पुरतो. आम्ही चौफुल्याजवळच्या एका अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं आणि शेजारी उभं राहून बघितलं. त्यांनी चावी काढून घेतली, दारं लावली, बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरची वायर सोडवली आणि खांब व वायर यांच्यामध्ये मीटर जोडला, १० अँपिअरच्या खुणेवर ठेवून. (असा मीटर जोडलेला असताना चावी फिरवून गाडी चालू करायची नाही, मीटर जळतो.) आकडा आला ०.४२ अँपिअर. मग जीपीएसचा फ्यूज काढला, आकडा ०.३८ झाला. म्हणजे डबी खात होती फक्त ०.०४. मग टेपचा फ्यूज काढला आणि आकडा धाडकन ०.०२ वर आला. चोर सापडला!

टेपला करंटच्या दोन वायरी असतात. एक कायम करंटची, घड्याळ आणि आठवण जपायला. दुसरी चावीनंतरची, चावी काढली की टेप झोपावा म्हणून. दुकानातल्या पोरानं या दोन्ही एकत्र पिळून कायम करंटला जोडल्या होत्या. त्यामुळं टेप कधी झोपायचाच नाही.

हिशेब तुम्हीच करून बघा. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरा. निम्मी उतरली की गाडी चालू व्हायला कुरकुरते, म्हणजे वापरायला साडेसतरा. ०.४२ नं भागलं की साधारण ४१ तास. शनिवार संध्याकाळ ते सोमवार पहाट, त्यात बॅटरी जुनी. बरोब्बर बसलं. एकट्या जीपीएसनं तेवढंच खायला अठरा दिवस लागले असते. म्हणून रोज चालणाऱ्या गाडीला जीपीएसचा त्रास होत नाही. पण गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मात्र बॅटरीची वायर सोडवून ठेवा.

आता बसवण्याचं. काम इलेक्ट्रिशियनच करणार, पण समोर उभं राहून बघायचं आपण. पहिली गोष्ट, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवायची आणि सगळ्यात शेवटी लावायची. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते.

डबीला साधारण तीन वायरी असतात: कायम करंट, बॉडी अर्थ आणि चावीनंतरचा करंट. लाल पॉझिटिव्ह आणि काळी अर्थ हे बहुतेक ठिकाणी असतं, तिसरीचा रंग मात्र कंपनीप्रमाणं बदलतो. म्हणून रंगावर जाऊ नका, मीटर लावून बघायला सांगा. चावी काढल्यावर ज्या वायरवर १२ व्होल्ट राहतात ती कायमची, ज्यावर शून्य होतात ती चावीनंतरची. ही तिसरी वायर पुष्कळ जण जोडतच नाहीत, "गरज नाही" म्हणतात. गरज आहे. तिच्यामुळंच नकाशावर चावी चालू की बंद ते कळतं, आणि आपल्या गोष्टीतला अर्धा घोळ तिथंच मिटला असता.

करंटच्या वायरला फ्यूज हवाच, आणि तो करंट जिथून घेतला तिथंच, डबीजवळ नाही. वायर मध्येच कुठं घासून बॉडीला टेकली तर फ्यूज उडेल, गाडी वाचेल. डबीसोबत एक-दोन अँपिअरचा फ्यूज येतो. तो उडाला म्हणून तार गुंडाळून काम चालवणारे बघितलेत मी. तसं अजिबात करू देऊ नका. जोडसुद्धा नुसता पिळून टेप मारलेला नको. उन्हाळ्यात बंद केबिनमध्ये टेपचा डिंक पातळ होतो, टेप घसरते आणि तांबं उघडं पडतं. सोल्डर करून वर नळी चढवलेला जोड मागा.

जागा डॅशबोर्डच्या आत, प्लॅस्टिकच्या खाली. वर लोखंड नको, आणि डबीची आकाशाकडची बाजू वर. आपल्या छोट्या पिकअपमध्ये इंजिन सीटखाली असतं, तिथं उष्णता आणि धुताना पाणी दोन्ही, तिथं नको. डबी आणि वायरी केबल टायनं बांधायच्या. लोंबती वायर ब्रेकच्या पायटाखाली आली तर काय होईल ते सांगायला नको. गाडीला एअरबॅग असेल तर पिवळ्या आवरणाच्या वायरींना हात लावू द्यायचा नाही, त्या बहुधा एअरबॅगच्या असतात.

एक गोष्ट दुकानदार हमखास खपवतो, "मोबाइलवरून इंजिन बंद करायची सोय." माझं मत, ती वायर जोडूच नका. कुणी चुकून बटण दाबलं आणि गाडी पाटसजवळ सोलापूर हायवेवर पळत असली तर? इंजिन बंद पडलं की ब्रेक जड होतो, पॉवर स्टेअरिंग असेल तर तेही जड होतं. चोराच्या भीतीनं आपलाच माणूस धोक्यात घालायचा नाही.

आता कायद्याचं थोडक्यात. मालवाहू पिकअपमध्ये आपण बसवतो ती डबी आपल्या सोयीची. पण प्रवासी वाहतुकीच्या चारचाकीला, १ जानेवारी २०१९ पासून नवीन नोंद झालेल्या गाडीला, एआयएस-१४० प्रमाणातलंच यंत्र आणि संकटाच्या वेळी दाबायचं बटण लागतं. रिक्षा आणि ई-रिक्षाला त्यातून सूट आहे. २०१७ साली आलेल्या आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजनेत गटातल्या सदस्यांना प्रवासी गाडीसाठी साडेसहा लाखांपर्यंत मदतीची तरतूद होती. तशी गाडी चालवायचा विचार असेल तर स्वस्तातली साधी डबी घेऊन पैसे वाया घालवू नका, आरटीओत आधी विचारा.

विकत घेताना पक्कं बिल, आणि त्यावर यंत्राचा १५ आकडी आयएमईआय नंबर. सिम कुणाच्या नावावर, रिचार्ज वर्षाचं की महिन्याचं, ते लेखी. पासवर्ड पुष्कळदा १२३४५६ असाच येतो, तो त्याच दिवशी बदला. आणि नवीन पासवर्ड कुणाकडं राहील हे ठरावात लिहा. मी दोघींकडं ठेवा म्हणते, अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष. ड्रायव्हरला डबी बसवलीय हे सांगायचंच, लपवून बसवायची नाही. सुट्टीच्या दिवशी तो कुठं गेला हे बघायचा आपल्याला काही अधिकार नाही, गाडी कुठं गेली एवढंच आपलं.

काही ताई म्हणतात, "हे आमचं काम नाही, बाप्यांचं आहे." आपल्या पाबळला १९८३ साली डॉ. कलबागांनी विज्ञान आश्रम सुरू केला, तिथं गावातली मुलं-मुली हातानं काम करत वायरिंगपासून वेल्डिंगपर्यंत शिकत आलीत. मल्टिमीटर धरायला मिशा लागत नाहीत. तीन-चारशे रुपयांत साधा मीटर मिळतो, प्रभागसंघानं एक घेऊन ठेवला तर सगळ्या गटांना पुरेल.

त्या गटाचं पुढं काय झालं? टेपची वायर त्याच दिवशी सुटी करून चावीनंतरच्या करंटला जोडली, आणि जीपीएसची तिसरी वायरही जोडून घेतली. पुढच्या सोमवारी गाडी पहिल्या चावीला चालू झाली. कोषाध्यक्ष ताई त्याच संध्याकाळी त्या ताईंच्या घरी गेल्या, किलोमीटरची वही सोबत घेऊन. काय बोलणं झालं मला माहीत नाही. पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात मात्र एक ओळ आहे: ड्रायव्हरवर केलेला आरोप चुकीचा होता, तो बैठकीत सर्वांसमोर मागे घेण्यात आला. खाली अकरा सह्या आहेत, त्यात त्या ताईंचीही.