पोटदुखी व डॉक्टरांची वाट पाहण्याचे दिवस

पायांत कांटा रुतला तर तो दिसतो. पोटांतलें दुखणें दिसत नाहीं. म्हणून घरच्या माणसांस तें कधीं ढोंग वाटतें, कधीं कोणाची करणी वाटते, आणि दुखणाइतास तर प्रत्येक कळ शेवटचीच वाटते. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगांव ह्या तालुक्यांतील आडगांवच्या मनुष्यास तपासणीची तारीख लांबची मिळाली, अथवा धानाची रोवणी टाकून जातां येईना, म्हणजे हे दिवस फार जड जातात. ते कसे काढावे ह्याचा आज विचार करूं. आमचें सांगणें थोडक्यांत असें कीं, ह्या दिवसांत दुखण्यावर पाळत ठेवावी, आणि जें दिसेल तें लिहून डॉक्टरांपुढें ठेवावें.

प्रथम हें पाहावें कीं, आपणांस थांबण्याची मोकळीक आहे कीं नाहीं. धडधाकट मनुष्याचें पोट एकाएकीं फार दुखूं लागलें व सहा तासांत उतार पडला नाहीं. बेंबीभोंवतीं सुरू झालेली कळ उजवीकडे खालीं येऊन बसली. पोट लाकडासारखें ताठ झालें. वांतींत रक्त आलें. मळ डांबरासारखा काळा झाला. वारा व शौच दोन्ही कोंडलीं. पाळी चुकलेल्या स्त्रीच्या ओटीपोटांत कळ आली. किंवा छातीखालीं दुखून घाम सुटला व दम लागला. ह्यांपैकीं एकही खूण दिसली तर तारखेची वाट पाहूं नये. छातीखालची कळ कधीं कधीं हृदयाची असते. अशा वेळीं १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. गोंदिया येथें २०१६ सालापासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. वाटेंत रोग्यास खाण्यापिण्यास देऊं नये, कारण शस्त्रक्रिया करावी लागली तर पोट रिकामें असलेलें बरें.

आतां कांहीं गोष्टी कधींही करूं नयेत. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणें, कोठा साफ व्हावा म्हणून एरंडेल पाजणें, आणि कातडीस डाग देणें, ह्या त्या होत. आंतड्यास लागून असलेलें आंत्रपुच्छ सुजलें असेल, तर चोळण्यानें व रेचकानें तें फुटण्याचें भय असतें. डागानें तर जुन्या दुखण्यांत नव्या जखमेची भर पडते. तसेंच रोवणीच्या दिवसांत कंबर दुखते म्हणून किराणा दुकानांतून घेतलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या उपाशीपोटीं खाल्ल्यानें जठराच्या आंतल्या अस्तरास व्रण पडतो. पोटदुखीवर तीच गोळी घेणें म्हणजे आगींत तेल ओतणें होय.

दुखणें सोसण्याजोगें असेल तर पोटास विसांवा द्यावा. मऊ भात, पेज व उकळून निवविलेलें पाणी थोडें थोडें, पुष्कळ वेळां घ्यावें. मोहाची दारू, खर्रा व तंबाखू हीं वर्ज्य करावीं. हगवण असेल तर एक लिटर पाण्यांत सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून तें घोट घोट पाजावें. येथें चमचा चहाचा समजावा.

मग मुलांच्या वहींतलें एक पान घ्यावें. कळ केव्हां आली, एका बोटानें दाखविल्यास कोठें, किती वेळ राहिली, जेवणापूर्वीं कीं नंतर, ताप होता काय, कोणतीं औषधें घेतलीं, हें रोज टिपावें. ज्यास लिहितां येत नाहीं त्याचें शेजाऱ्यानें लिहावें. रात्रीं उपाशीपोटीं दुखून खाल्ल्यावर थांबतें, असें असल्यास व्रणाचा संशय येतो. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखालीं दुखून खांद्याकडे कळ जाते, तेव्हां पित्ताशयांतील खड्यांचा. निदान डॉक्टरच करतील. पण अशी नोंद त्यांच्या हातांत दिवा दिल्यासारखी आहे.

आपल्या भागासाठीं आणखी एक गोष्ट. गोंदिया, भंडारा, गडचिरोली ह्या जिल्ह्यांत सिकलसेलचे रोगी पुष्कळ आहेत. ह्या रोगांत रक्तांतील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात. त्यामुळें हाडें दुखतात, तसेंच पोटही दुखतें. मुलाचें पोट वारंवार दुखत असेल व अंग फिकें, डोळे पिवळसर दिसत असतील, तर सिकलसेलची रक्ततपासणी करा, असें प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्पष्ट सांगावें. ह्या रोगाच्या निर्मूलनाचें राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजीं सुरू झालेलें आहे.

पहिल्या तपासणींत कांहीं सांपडलें नाहीं, तर दुखणें खोटें ठरत नाहीं. जठरव्रण चिंतेनें व आम्लानें होतो, असें डॉक्टरही पुष्कळ वर्षें मानीत. १९८२ सालीं ऑस्ट्रेलियांत रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल ह्यांनीं जठरांतले जंतु शोधून काढले, आणि त्या शोधाबद्दल २००५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्यापूर्वीं किती रोग्यांनीं उगीच बोल ऐकले असतील! म्हणून दुखणाइतास ढोंगी म्हणूं नये. रात्रीं त्याच्यापाशीं बसावें, टिपण्यास मदत करावी, आणि नेमल्या दिवशीं त्याच्याबरोबर जावें. हा पाठ ज्यास वाचतां येतो त्यानें तो वाड्यावस्त्यांवर मोठ्यानें वाचून दाखवावा, आणि वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा ऐकणारांकडून पाठ म्हणवून घ्याव्या.