अटकेनंतरचे चोवीस तास आणि वकिलाची निवड

भातसा व तानसा यांचे जलाशय, कसाऱ्याकडे चढत जाणारा लोहमार्ग आणि माळशेजचा घाट ही शहापूर व मुरबाड या तालुक्यांची सर्वपरिचित ओळख होय. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यातील आदिवासी वस्तीचा मोठा भाग या दोन तालुक्यांत राहिला. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांचे पाडे डोंगरकुशीत विखुरलेले आहेत. पोलीस ठाणे एका गावी, दंडाधिकाऱ्यांचे न्यायालय तालुक्याच्या गावी, सत्र न्यायालय व कारागृह त्याहून दूर, कल्याण वा ठाणे येथे. मुरबाडला रेल्वे नाही, एस. टी. ने कल्याण गाठावे लागते. घरातील कर्त्या पुरुषाला अटक झाली म्हणजे कुटुंबाची पहिली अडचण कायद्याची नसते, ती अंतराची आणि पैशाची असते.

अशा वेळी वकील निवडला जातो असे म्हणणे धाडसाचे ठरेल. बहुधा तो गाठ पडतो. पोलीस ठाण्याच्या बाहेर किंवा न्यायालयासमोरील चहाच्या टपरीवर एखादा ओळखीचा इसम 'आपला माणूस आहे, आजच सोडवून आणतो' असे सांगतो आणि नातेवाईक त्याच्या मागे जातात. रकमेची जुळवाजुळव शेळ्या विकून, म्हशाच्या यात्रेसाठी राखलेला बैल आधीच देऊन किंवा वीटभट्टीच्या मालकाकडून पुढील हंगामाची उचल घेऊन होते. वेठबिगारीला १९७६ च्या अधिनियमाने बंदी झाली. परंतु वकिलाच्या फीसाठी घेतलेली उचल फेडताना सारे कुटुंब भट्टीवर अडकून पडले, तर एका आरोपाची शिक्षा निकालापूर्वीच घरातील सर्वांनी भोगली असे होते. हे टाळता येण्यासारखे आहे. कारण कोठडीतील माणसाला वकील विनामूल्य मिळण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि ती फार थोड्या घरांना ठाऊक असते.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २२ अन्वये अटक झालेल्या व्यक्तीस आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा व त्याच्यामार्फत बचाव करण्याचा हक्क आहे. प्रवासाचा आवश्यक वेळ वगळून चोवीस तासांच्या आत तिला दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. ऐपत नसलेल्याच्या बाबतीत 'पसंतीचा वकील' हे शब्द पोकळ ठरू नयेत म्हणून ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये अनुच्छेद ३९-क समाविष्ट झाला. महाराष्ट्रातीलच होसकोट प्रकरणात १९७८ मध्ये, त्यानंतर बिहारच्या हुसैनारा खातून (१९७९) व खत्री (१९८१) या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने विधी सहाय्य हा न्याय्य कार्यपद्धतीचा अविभाज्य भाग ठरविला. खत्री प्रकरणातील भाग येथे विशेष महत्त्वाचा आहे: हा हक्क खटला सुरू झाल्यावर नव्हे, तर आरोपीला प्रथम दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले जाते त्या क्षणापासून प्राप्त होतो, आणि आरोपीने मागणी केली नाही तरी तो त्यास समजावून सांगणे हे दंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. मुंबईवरील हल्ल्याच्या खटल्यातील अपिलाचा निर्णय देताना २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा पुनरुच्चार केला व या कर्तव्यात कसूर करणारा दंडाधिकारी खातेनिहाय कारवाईस पात्र ठरेल असे म्हटले.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती व जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक, दिव्यांग व्यक्ती आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती विनामूल्य विधी सेवेस पात्र आहे. या वर्गांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे पाड्यावरील ठाकूर वा कातकरी शेतमजूर दोन स्वतंत्र कारणांनी पात्र ठरतो: जमातीमुळे आणि कोठडीमुळे. ज्याची गुंठाभरही जमीन नाही अशाने उत्पन्नाच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालण्याचे काहीच प्रयोजन नाही. तालुक्यातील ज्येष्ठतम न्यायिक अधिकारी हे तालुका विधी सेवा समितीचे अध्यक्ष असतात. अर्ज तेथे करता येतो, किंवा ठाणे येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. १५१०० या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. नेमून दिलेल्या वकिलाने पक्षकाराकडून फी वा 'खर्चपाणी' घेणे नियमबाह्य आहे.

फुकटचा वकील तो कसला वकील, अशी एक समजूत ग्रामीण भागात रूढ आहे. ती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. नेमणूक झाली आणि वकील तारखेला आलाच नाही, असेही घडते. परंतु भरमसाट फी घेतलेला वकीलही तारखेस गैरहजर राहू शकतो. दोघांतील फरक हा की, विधी सेवेच्या वकिलाविरुद्ध प्राधिकरणाच्या सचिवांकडे अर्ज करून दुसरा वकील मागता येतो. २०२२ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने अनेक जिल्ह्यांत केवळ आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ वकील नेमण्याची पद्धतही सुरू केली आहे.

पहिल्या चोवीस तासांत पंचायत सदस्य व शिक्षक यांना प्रत्यक्ष करता येण्याजोगी कामे आहेत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या कलम ३६ नुसार अटकेचा पंचनामा तयार करून त्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा त्या परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यावी लागते. गावात ही सही पुष्कळदा सरपंचाची वा गुरुजींचीच असते. सही करण्यापूर्वी अटकेची तारीख व वेळ वाचावी, कारण चोवीस तासांची मोजणी त्यावरून होते. सकाळी उचललेल्या माणसाची अटक सायंकाळी दाखविलेली असल्यास सही करू नये. कलम ३७ प्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्यात अटक केलेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप यांची माहिती ठेवण्यासाठी अधिकारी नेमलेला असतो. त्याच्याकडे विचारणा करता येते. कलम ३८ अन्वये चौकशीच्या काळात, अखंड नव्हे तरी, वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. अटकेची कारणे लेखी व आरोपीस समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, आणि उशीर झालाच तरी दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्यापूर्वी किमान दोन तास ती हाती पडली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात स्पष्ट केले. तो कागद वकिलाच्या हाती देणे ही पुढील कामाची सुरुवात होय.

खाजगी वकील करावयाचा झाल्यास निवड कशी करावी? तो फौजदारी कामे नियमितपणे चालवितो काय, हे पाहावे; जमिनीच्या दाव्यात नाव कमावलेला वकील कोठडीच्या सुनावणीत तितकाच उपयोगी पडेल असे नाही. प्रकरण दंडाधिकाऱ्यांपुढे चालणारे आहे की सत्र न्यायालयात जाणारे, हे प्रथमच विचारावे. सत्र न्यायालयाचे असेल तर कल्याण किंवा ठाणे येथे तो स्वतः उभा राहणार की काम दुसऱ्याकडे सोपविणार, हेही ठरवून घ्यावे. फी कोणत्या टप्प्यापर्यंतची, केवळ जामिनापर्यंतची की निकालापर्यंतची, याची स्पष्टता व पावती आवश्यक आहे. निकालावर अवलंबून फी ठरविणे आणि दलालांकरवी कामे मिळविणे या दोन्ही गोष्टी वकिलांच्या व्यावसायिक नियमांस सोडून आहेत. सुटकेची हमी देणारा वकील कायदा सांगत नसतो. वकीलपत्रावर आरोपीचाच अंगठा वा सही घ्यावी, आणि कोऱ्या कागदावर काहीही देऊ नये.

मोहाच्या दारूच्या किरकोळ प्रकरणांत 'गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा' असा सल्ला फार सहज दिला जातो. मजुरी बुडू नये म्हणून तो मानलाही जातो. त्याने त्या दिवसापुरता त्रास वाचतो, पण दोषसिद्धीची नोंद कायम राहते आणि पुढच्या प्रकरणात तीच पुढे येते. असा कबुलीचा सल्ला देण्यापूर्वी जो वकील पंचनामा वाचत नाही, त्याची निवड चुकली असे समजावे.

जामीन मंजूर झाला तरी जामीनदार न मिळाल्याने कोठडी सुटत नाही, हा भूमिहीनांचा जुना अनुभव आहे. १९७८ मध्ये मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात दहा हजारांचा जामीनदार मागण्यात आला होता व जामीनदार दुसऱ्या जिल्ह्याचा म्हणून नाकारण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला एक हजाराच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता न आलेली व्यक्ती निर्धन मानून तिला जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद संहितेच्या कलम ४७८ मध्ये आहे. जामिनाची रक्कम भरता न येणाऱ्या निर्धन कच्च्या कैद्यांसाठी केंद्र शासनाची २०२३ ची योजना असून तीतून सहाय्य होऊ शकते. ही माहिती न्यायालयापुढे मांडणे वकिलाचे काम आहे. परंतु घरची परिस्थिती वकिलाला सांगणारे कोणी तरी गावातून यावे लागते.

वकिलाची खरी परीक्षा मात्र साठाव्या दिवशी होते. तपास साठ दिवसांत, आणि देहान्त, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत पूर्ण होऊन दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर जामिनावर सुटण्याचा हक्क मिळतो. दिवसांची मोजणी पहिल्या कोठडीच्या आदेशापासून होते. हा हक्क आपोआप अंमलात येत नाही. दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. एका दिवसाची दिरंगाई झाली व तेवढ्यात दोषारोपपत्र आले, तर संधी गेली. म्हणून कोठडीच्या पहिल्या आदेशाची तारीख कुटुंबाने लिहून ठेवावी, लिहिता येत नसल्यास शाळेतील गुरुजींच्या वहीत नोंदवावी, आणि पन्नासाव्या दिवसानंतर वकिलाकडे त्याबाबत विचारणा करावी. वकिलाने टाळाटाळ केल्यास तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज देण्यास तेव्हाही दहा दिवस शिल्लक असतात.